देवाच्या फळीवरचं डेटाबेसचं पुस्तक

मी एक पुस्तक बोलतोय. आधीच सांगतो, मी कवितेचं नाही, कादंबरीचं नाही आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी घोकायचं गाईडही नाही. मी डेटाबेसचं पुस्तक आहे. त्यातही नवशिक्या माणसाचं नव्हे, तर ज्याला थोडंफार येतं आणि त्यापुढं गाडी अडलीय, अशाचं. हजाराच्या वर पानं, विटेएवढी जाडी आणि मुखपृष्ठावर एकही चित्र नाही. माणसं माझ्याशी ओळख करून घ्यायला बिचकतात, त्यात माझा काय दोष?

डेटाबेस म्हणजे काय ते सांगून टाकतो, म्हणजे पुढं अडायला नको. नावं, गावं, तारखा, वजनं अशी ढीगभर माहिती संगणकात नीट लावून ठेवायची आणि हवी ती, हवी तेव्हा झटक्यात काढायची, त्या व्यवस्थेला डेटाबेस म्हणतात. माहिती थोडी आणि माणूस एकच असला तर ते कुणालाही जमतं. माहिती वाढली, हात लावणारे वाढले, की भल्याभल्यांची तारांबळ उडते. तिथून पुढचं सगळं माझ्या पोटात आहे.

माझा जन्म दिल्लीचा. एका परदेशी पुस्तकाची स्वस्तातली आवृत्ती म्हणून मला पिवळट कागदावर छापलं. भाषा इंग्रजी, पण छापखान्यात पुस्तकाशी कोण बोलतंय? बोलायला मी शिकलो ते कोल्हापुरात, तेव्हा माझ्या बोलण्यात जरा रांगडेपणा आला तर चालवून घ्या. १९९७ च्या उन्हाळ्यात ट्रान्सपोर्टच्या गठ्ठ्यातून मी भाऊसिंगजी रोडजवळच्या एका बोळात, हंबीररावांच्या पुस्तकाच्या दुकानात उतरलो. खरं तर त्यांनी मला मागवलंच नव्हतं. त्यांनी मागवली होती झटपट संगणक शिकवणारी पातळ पुस्तकं, आणि गठ्ठ्याचा तळ सपाट बसावा म्हणून की काय, पुरवठादारानं मला खाली सरकवलं होतं. हंबीररावांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि म्हणाले, "ह्यो ठोकळा कोण घेणार रं बाबा?"

कुणीच घेतला नाही. त्या वर्षांत कोल्हापुरात गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघत होते. पोरं दुकानात यायची, मला उघडायची, मधलं एखादं पान बघायची आणि चटका बसल्यागत मिटायची. "ह्याच्यापेक्षा बारीक न्हाय का?" हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले. एका पठ्ठ्यानं तर मला जमिनीवर ठेवलं आणि माझ्यावर उभं राहून वरच्या फळीवरचं गाईड काढलं. खाली उतरल्यावर पुस्तकाला पाय लागला म्हणून मला हात लावून नमस्कारही केला. नमस्कार करायचाच होता तर पाय कशाला ठेवायचा, हे माणसांचं गणित मला अजून सुटलेलं नाही.

पुढच्या वर्षी खंडेनवमी आली. त्या दिवशी जो तो आपापलं हत्यार पुजतो, आणि पुस्तकवाल्याचं हत्यार म्हणजे पुस्तकं. हंबीररावांच्या थोरल्या बहिणीला अख्खा बोळ आक्का म्हणायचा. सकाळचं दुकान त्याच बघायच्या. त्या पूजा मांडत होत्या, पण सरस्वतीची तसबीर काही केल्या पाटावर उभी राहीना. मागं टेकू द्यायला भक्कम काहीतरी हवं होतं. हंबीररावांची नजर माझ्यावर गेली. मला तांबड्या फडक्यात गुंडाळलं, हळदकुंकू वाहिलं, डोक्यावर झेंडूचं फूल ठेवलं. नेमकं त्या दिवाळीत दुकान जोरात चाललं. झालं, हंबीररावांनी ठरवूनच टाकलं की हा सगळा ह्या ठोकळ्याचा पायगुण. पूजा उतरल्यावर बाकीची पुस्तकं जागच्या जागी गेली, मी मात्र गल्ल्याच्या वर, देवाच्या फळीवर, फडक्यासकट जाऊन बसलो.

सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सकाळ-संध्याकाळ उदबत्ती, येणाराजाणारा हात जोडणार. पण उघडत मला कुणी नव्हतं. ज्याला वाचण्यासाठी छापलंय त्याला नुसते नमस्कार घेत बसवलं तर त्याचा जीव गुदमरतो. माझाही गुदमरत होता.

असं वर्ष गेलं. १९९९ चा पावसाळा सरत आला असताना दुकानात एक मुलगी आली. पंचविशीची असेल. खांद्याला पर्स, हातात मिटलेली छत्री, चपला चिखलानं भरलेल्या. नाव दानेश्वरी, राहणार कागलची. बी.एस्सी. झाल्यावर संगणकाचा डिप्लोमा करून ती तिकडच्याच एका साखर कारखान्यात संगणक विभागात लागली होती.

"काका, डेटाबेसचं पुस्तक हाय का? सुरवातीचं नको. पुढचं, मोठं पाहिजे."

"हाय की," म्हणत हंबीररावांनी पातळ पुस्तकांची चळत पुढं केली.

तिनं ती चाळलीसुद्धा नाही. "ही सगळी माझी पाठ झालीत, काका. ह्यात नोंद कशी घालायची ते सांगितलंय. घातलेली नोंद गायब का होती, ते कुठं मिळंल?"

हंबीररावांनी चहा सांगितला. कोल्हापुरात समोरच्याला चहा सांगितला की तो मनातलं सगळं बोलून जातो. तीही बोलली. शेतकरी उसाची लागण केली की कारखान्यात नोंदवतो. ज्याची लागण आधी, त्याला तोड आधी. तोड म्हणजे ऊस तोडून न्यायची पाळी. नोंद गेली की पाळी गेली, आणि ऊस रानात वाळत उभा राहतो. पूर्वी हे सगळं रजिस्टरात असायचं. ते संगणकावर घेतलं आणि मधूनच नोंदी नाहीशा व्हायला लागल्या, इथं एक, तिथं दोन. ज्या कंपनीनं प्रोग्राम लिहिला त्यांचा माणूस येऊन दिवसभर बसून गेला, पण त्याच्यासमोर एकही नोंद हलली नाही. गेल्या हंगामात केरबा नावाच्या शेतकऱ्याची नोंद अशीच उडाली. त्याच्या उसाला तुरे आले तरी तोड आली नाही.

"केरबामामा हापिसात आले," दानेश्वरी म्हणाली. "सगळ्यांच्या पुढं मला म्हणाले, आमचा नंबर कुणाला इकलास ते सांग. काका, मी सांगणार काय? मलाच ठाऊक न्हाय."

तिच्या साहेबांचं नाव गणपतराव. ते शेती अधिकारी. त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की हंगामाची पहिली मोळी गव्हाणीत पडायच्या, म्हणजे गाळप सुरू व्हायच्या आत नोंदी टिकल्या पाहिजेत, नाहीतर संगणक गुंडाळायचे, पुन्हा रजिस्टर काढायचं आणि बाईंनी दुसरीकडं नोकरी बघायची.

"नोकरी जाईल ह्याचं काय न्हाय," ती कपाकडं बघत म्हणाली. "चोर म्हणून जाईन. माझ्या घरच्यांनी कागलात त्याच लोकांत राहायचंय."

प्रोग्रामच्या खोक्यातून एक पातळ पुस्तिका आली होती. तिच्यात शेवटी लिहिलं होतं की यापुढचं मोठ्या पुस्तकात बघा. ते मोठं पुस्तक तिनं कोल्हापुरातल्या सगळ्या दुकानांत विचारलं, बेळगावला विचारलं, पुण्याला फोन केला. सगळ्यांनी मागवतो म्हणून सांगितलं आणि कुणी मागवलं नाही. तिनं पर्समधून कागद काढून पुस्तकाचं नाव वाचून दाखवलं. ते माझं नाव होतं.

हंबीररावांनी मान हलवली. "असलं पुस्तक अख्ख्या कोल्हापुरात न्हाय, बाई."

मी त्यांच्या डोक्यावर हातभर अंतरावर बसलो होतो. त्या माणसानं मला वर्षभर उदबत्ती ओवाळली होती आणि माझं नाव त्याला माहीत नव्हतं. ते लबाड नव्हते, मनापासून न्हाय म्हणत होते, म्हणून तर मला जास्त संताप आला. फळीवरून त्यांच्या टाळक्यात उडी घ्यावी असं वाटलं, पण पुस्तकाला तेवढी मुभा नसते.

ती पंधरवड्यानं पुन्हा आली आणि पुन्हा रिकाम्या हातानं गेली. तिसऱ्यांदा आली ती खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी आक्कांनी पूजेच्या तयारीसाठी मला खाली घेतलं होतं. जुनं फडकं धुवायला टाकलेलं, नवं इस्त्री होऊन यायचं होतं, आणि मी वर्षानं प्रथमच उघडा, गल्ल्यावर उताणा पडलो होतो. दानेश्वरी दारातूनच विचारायला लागली आणि मधेच थांबली. पुढं येऊन तिनं माझ्या मुखपृष्ठावरचं कुंकू बोटानं पुसलं, नाव वाचलं आणि तिथल्या स्टुलावर मटकन बसली.

"काका, हेच की हो ते."

हंबीररावांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी चष्मा लावला, कागदावरचं नाव आणि माझं नाव ताडून बघितलं, पुन्हा ताडून बघितलं. आनंदानं देऊन टाकतील असं मला वाटलं, पण कुठलं काय.

"ते देवाचं हाय, बाई. पूजेतलं. पूजेतली वस्तू आमी इकत न्हाय."

"काका, माझी मोळी तोंडावर आलीया."

"ते खरं. पर रीत ती रीत. उद्या दुकानाला काय झालं तर?"

बराच वेळ घासाघीस झाली. दानेश्वरी म्हणाली इथंच बसून वाचते, तर हंबीरराव म्हणाले उद्या खंडेनवमी, पूजेतल्या पुस्तकाला हात लावायचा नसतो. ती म्हणाली मग झेरॉक्स काढते, तर ते म्हणाले देवाची झेरॉक्स कोण काढतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं बाहेर रस्त्याकडं बघायचं निमित्त करून लपवलं. आक्का इतका वेळ समया घासत होत्या. त्यांनी हात पुसले.

"हंबीर, पूजेतली वस्तू इकायची न्हाय म्हणलास, ते बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "मग इकू नकोस. देऊन टाक."

"आक्का, तू पण…"

"इकायला बंदी हाय, द्यायला कुठं हाय? पोरी, उद्या ह्याची शेवटची पूजा होऊ दे. दसऱ्याला सकाळी ये आणि घेऊन जा. आणि पैसं काढू नकोस, नाहीतर ह्याला सांगायला जागा मिळंल."

हंबीरराव आपल्याच शब्दात अडकले. दसऱ्याच्या सकाळी दानेश्वरी पहिल्या एस.टी.नं आली. आक्कांनी मला तिच्या हातात दिलं आणि वर आपट्याची पानं ठेवली. हंबीररावांनी मला अखेरचा नमस्कार केला. मला मात्र कधी एकदा बाहेर पडतो असं झालं होतं.

त्या दिवशी हंगामाच्या तयारीसाठी कारखान्याचा बॉयलर पेटवला गेला आणि कागलात तिच्या घरी मी उघडलो गेलो. काय सांगू तो आनंद. तिनं आधी शेवटची सूची काढली, बोट फिरवत खाली आली आणि एका प्रकरणावर थांबली. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'एकाच वेळी अनेक माणसं'. शब्द अडला की शब्दकोश, कोश संपला की डोकं, असं करत ती वाचत राहिली. तिची आई रत्नव्वा भाकरीचं ताट घेऊन येऊन उभी राहिली.

"ह्या ठोकळ्यात काय पुरून ठेवलंय गं? जेव की आधी."

"अव्वा, थांब जरा."

मी तिला सांगत होतो की दोन माणसांनी एकच माहिती एकाच वेळी उघडली आणि दोघांनी तिच्यात बदल केला, तर जो नंतर जतन करतो त्याचं राहतं आणि आधीच्याचं पुसून जातं. संगणक तक्रार करत नाही. कुणाला पत्ताही लागत नाही. दानेश्वरीनं ते वाक्य पुन्हा वाचलं आणि ताट बाजूला सारून उठलीच.

"अव्वा, बाजार. बाजारादिवशीच व्हायचं गं ते."

गोष्ट अशी होती की गावोगाव फिरून नोंदी गोळा करणारे कारखान्याचे चिटबॉय रोजच्या रोज येऊन नोंदी द्यायचे नाहीत. नियम तसा होता, पण पाळतंय कोण? सगळे बाजारादिवशी एकदम यायचे, म्हणजे एका खेपेत नोंदीही होतात आणि घरचा भाजीपालाही. लवकर मोकळं व्हायचं म्हणून दोन-दोन, तीन-तीन जण वेगवेगळ्या संगणकांवर बसायचे आणि एकाच गावाची यादी उघडायचे. आधीच्यानं घातलेलं मागचा पुसून टाकायचा, आणि दोघंही पिशव्या उचलून बाजारात. कंपनीचा माणूस तपासायला आला तो मधल्या वारी, एकटा बसला, म्हणून त्याला सगळं ठाकठीक दिसलं. कुणी नोंदी विकल्या नव्हत्या आणि कुणी पैसेही खाल्ले नव्हते. दानेश्वरी हसत हसत रडायला लागली, आणि काहीच न कळलेल्या रत्नव्वानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

पण कारण सापडलं म्हणजे काम झालं असं नसतं. माझी दोन पानं वाचून तिनं घाईनं प्रोग्राममध्येच कुलूप बसवलं. एकानं गाव उघडलं की बाकीच्यांना ते बंद. पुढच्याच बाजारादिवशी पिराजी नावाच्या चिटबॉयनं एक गाव उघडलं आणि तो चहाला गेला. चहावरून तंबाखू, तंबाखूवरून गप्पा, आणि इकडं सगळी रांग त्या एका गावापाशी ताटकळत बसली. गणपतराव दारात येऊन म्हणाले, "बाई, रजिस्टरात निदान पान तरी उलटत होतं."

ती घरी आली ती तडक माझ्याकडं. या खेपेला तिनं मला सोडून सोडून नाही, ओळीनं वाचलं. पुढच्याच पानांत मी सांगितलं होतं की सगळ्या गावाला कुलूप लावू नका, एकेका नोंदीला लावा, आणि लावणारा उठून गेला तर ते आपोआप उघडायची सोय करा. तिनं तसं केलं. वर आपल्या डोक्यानं एक भर घातली, ती माझ्यात नव्हती. नोंद अडली तर पडद्यावर अडवणाऱ्याचं नाव यावं, तेही इंग्रजी अक्षरांत पण मराठी बोलीत.

मोळीच्या आधीचा शेवटचा बाजार आला. मी तिच्या टेबलावर उघडा होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी बघितलं. खोली चिटबॉयनी भरलेली, बाहेर व्हरांड्यात भाजीच्या पिशव्या, आणि दारात केरबा. तो मुद्दाम आला होता. गणपतरावांनीच त्याला बोलावून घेतलं होतं, कारण बोंब ज्याची, खात्रीही त्याचीच पटायला हवी, असं ते म्हणाले.

दानेश्वरीनं पिराजीला एका संगणकावर बसवलं आणि आकाराम नावाच्या दुसऱ्या चिटबॉयला दुसऱ्यावर. दोघांना केरबाचीच नोंद उघडायला सांगितली. पिराजीची उघडली. आकारामच्या पडद्यावर अक्षरं आली, 'थांबा, पिराजी लिहितोय.'

आकाराम ओरडला, "ए पिराजी, आवर की लवकर." सगळी खोली हसली.

पिराजीनं लिहून जतन केलं आणि त्या क्षणी आकारामची नोंद उघडली. तिच्यात पिराजीनं लिहिलेलं जसंच्या तसं होतं. केरबानं पुढं येऊन पडद्याला जवळजवळ नाक लावलं. "परत करा," तो म्हणाला. परत केलं. "आता आदलाबदल करा." केली. मग सगळ्यांना एकदम बसवलं, खोलीत मासळी बाजारासारखा कालवा उठला, थांबा-थांबा करत कामं झाली, आणि संध्याकाळी कागदावरच्या नोंदी संगणकाशी ताडून बघितल्या. एकही कमी नव्हती. दानेश्वरीच्या तळहाताला इतका घाम होता की माझ्या पानावर तिचा पंजा उमटला.

गणपतराव कमी बोलणारा माणूस. त्यांनी मला उचलून वजन अजमावलं आणि म्हणाले, "बाई, मोळीच्या पूजेला पुढच्या रांगेत बसायचं तुमी."

मोळी पडली, हंगाम सुरू झाला. दानेश्वरीला खरी धास्ती होती ती त्यानंतरचीच. पडद्यावर नोंद टिकणं वेगळं आणि रानात तोड वेळेवर पोचणं वेगळं. एके दुपारी केरबा हापिसात आला. अंगावर उसाचा पाला, खांद्यावर उसाची मोळी. ती त्यानं थेट टेबलावर, म्हणजे माझ्यावरच टाकली.

"पोरी, तोड आली," तो म्हणाला. "माझ्या नंबरावर आली. मागं तुला नको ते बोललो. आता ज्यांच्या पुढं बोललो त्यांच्याच पुढं सांगतो, तुझं काय चुकलं नव्हतं."

खोलीतले सगळे ऐकत होते. दानेश्वरीनं मान खाली घातली आणि एक कांडं मोडून केरबाला दिलं, एक स्वतः घेतलं. माझ्या पानांवर रस सांडला, पुढं मुंग्या लागल्या, डाग तर आजही आहेत. माझ्या उभ्या आयुष्यात माझा इतका मोठा मान कधी झाला नव्हता.

त्यानंतरची वर्षं भराभर गेली. बातमी पसरली तशी माणसं मला शोधत कारखान्यात यायला लागली. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतली पोरं आली, गडमुडशिंगीचा एक दूध संकलनवाला आला, दुसऱ्या कारखान्यांची माणसं आली. दानेश्वरीनं कुणाला न्हाय म्हणून परत पाठवलं नाही. दुकानं हिंडून हिंडून चपला झिजवणं काय असतं ते तिला माहीत होतं. इतक्या वेळा मी झेरॉक्सच्या काचेवर पालथा पडलो की माझी पाठ निघाली. मग बाइंडरनं काळं रेक्झिन लावलं, आणि पुढं तेही उसवलं. तिनं चिटबॉयसाठी माझ्यातलं गरजेपुरतं काढून मराठीत एक छोटी पुस्तिका लिहिली, कारखान्यानं ती छापली. आता ती त्या विभागाची प्रमुख आहे. लोक तिला मॅडम म्हणतात, केरबा अजून पोरी म्हणतो.

आज २००९ साल. प्रोग्राम बदलला, माझ्यातलं बरंचसं जुनं झालं, नवी मुलं इंटरनेटवर बघतात आणि मला टेबलाच्या कडेला सरकवतात. सरकवू देत. 'एकाच वेळी अनेक माणसं' हे प्रकरण तर माझ्यात उरलंच नाही. हाताळून हाताळून त्याची पानं सुटी झाली, कुणीतरी चार दिवसांसाठी म्हणून नेली, त्याच्याकडून दुसऱ्यानं नेली. कुठं कागलात असतील, कुठं पार सीमेपलीकडं बेळगावलाही गेली असतील. मधोमध मी पोकळ झालोय, आणि खरं सांगतो, छापखान्यातून कोरा करकरीत निघालो होतो तेव्हाही मला इतकं भरल्यासारखं वाटलं नव्हतं.

बोललो फार, आता थांबतो. निघता निघता एवढंच मागणं आहे. माझी ती पानं तुमच्यापैकी कुणाकडं असतील तर ती परत आणून देऊ नका. शेजारी कुणाचं काम अडलं असेल, त्याला द्या.